देवाने आम्हाला वाचवलं, मग समोरच्या काकांना का नाही?

ताई, वाचणाऱ्या इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरलं, तेव्हा तुम्ही सगळे गच्चीवरून बोटीत उतरून सुखरूप बाहेर पडलात. घरही टिकलं. समोरच्या घरातले काका गोठ्यातल्या म्हशी सोडायला म्हणून मागे गेले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून तुमच्या आई दर श्रावणात नृसिंहवाडीला अभिषेक घालतात आणि 'देवानं वाचवलं' म्हणतात. यंदा त्याच तारखेला घरी मांडव घालून सत्यनारायण आणि गावजेवण करायचं त्यांच्या मनात आहे. काकूंचं दार तुमच्या दारासमोर. तुम्हाला लाज वाटते. तुम्ही विचारता, देवाने आम्हाला वाचवलं असेल तर काकांना का नाही वाचवलं? आणि वाचवणारा देव नसेलच, तर आभार कसले मानायचे?

मी लातूर जिल्ह्यातला कीर्तनकार. कीर्तन करायला लागून पस्तीस वर्षं उलटून गेली. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनेक वर्षं वावरलो. कीर्तनापेक्षा मयताच्या घरी नुसतं बसणंच त्यात जास्त झालं. पुढे पुराच्या आणि दरडीच्या गावांतही गेलो. तेव्हा हे जे सांगतो आहे ते त्या बसण्यातून आलेलं आहे.

'देवानं वाचवलं' हे एक वाक्य दिसतं, पण ते दोन तऱ्हांनी म्हणता येतं. आभार मानणारा देवाकडे तोंड करून बोलतो: 'देवा, आज माझी लेकरं पंगतीत बसली, तुझी कृपा.' कारण सांगणारा लोकांकडे तोंड करून बोलतो: 'आमची पुण्याई होती म्हणून आम्ही वाचलो.' या दुसऱ्या बोलण्याला एक शेपूट असतं. म्हणणाऱ्याच्या ते मनातही नसतं, पण समोरच्या दारात उभ्या असलेल्या बाईला ते बरोबर ऐकू जातं, की 'तुमची नव्हती'. तुमच्या आई आभार मानत आहेत, याची मला खात्री आहे. तुम्ही मात्र काकूंच्या दारात उभं राहून ते ऐकता, आणि तिथून ते कारणासारखं ऐकू येतं. तुमची लाज तिथून आली आहे. ती खोटी नाही.

हा फरक मला पोथीने शिकवला नाही, एका म्हातारीने शिकवला.

किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला आले असताना. रात्र अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची. गावोगावची माणसं गणपती बुडवून, अंगावरचा गुलाल तसाच ठेवून उशिरा येऊन झोपली होती. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून म्हणून घसे बसलेले. धक्का 6.2 तीव्रतेचा आणि जमिनीखाली फारसा खोल नाही. आमच्याकडची घरं माळवदाची. दगडांच्या रुंदच रुंद भिंती, सांध्यात सिमेंट नाही की चुना नाही, नुसता चिखल. वर लाकडी तुळया आणि त्यावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती पसरून पसरून जड झालेलं धाबं. ऐन वैशाखात आत गेलं की गार वाटायचं. त्याच भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली 52 गावं भुईसपाट झाली. सुमारे 10 हजार माणसं गेली.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. वरून पाऊस होता. सरणाला लाकूड पुरेना, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून आणत होते. त्या चार-आठ दिवसांत मी भूकंपाची जेवढी कारणं ऐकली तेवढी पुढे आयुष्यात कधी ऐकली नाहीत. विसर्जनात काही चुकलं असेल. उसाचा पैसा आला आणि धर्म सुटला. कलियुगच आहे. सांगणारे बहुतेक बाहेरून आलेले असत, माझ्यासारखे. गावातली माणसं सांगत नव्हती, विचारत होती. एक बाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "म्हाराज, रातच्याला ज्याला नाचत नाचत वाटं लावलं, त्यानंच का ओ असं केलं?" मी काही बोललो नाही. बोलायला सुचलं नाही, हेच खरं, पण गप्प बसलो ते बरं केलं.

चूक केली ती दोन महिन्यांनी. कार्तिकी एकादशी होती. शेडसमोर गॅसबत्ती लावून, खाली ताडपत्री अंथरून कीर्तन ठेवलं होतं. मी तुकोबारायांचा अभंग घेतला:

बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥

निरूपण रंगत गेलं. दुष्काळ आला म्हणून तुकोबांचा संसार सुटला, संसार सुटला म्हणून पांडुरंग भेटला, तेव्हा माऊलींनो, तुमच्यावर आलेलं हे संकटही देवाची हाकच समजा, असं मी म्हणालो. तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलेली एक आजी उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हाराज, थांबा जरा. तुकोबाची बायकू मेली, तुकोबा म्हनला बरं झालं. त्येचं त्यो म्हनला. तुमचं कोन मेलंय? माझा नातू ह्या हातानं मी मातीत ठिवलाय. बरं झालं म्हनायचं का न्हाई, ते माझं मी बघंन. तुमी म्हनू नगा."

मी हात जोडले, टाळकऱ्यांना खूण केली आणि नुसता 'विठ्ठल विठ्ठल' गजर धरला. तो अभंग त्या रात्री तिथेच राहिला.

घरी आल्यावर गाथा पुन्हा उघडली. आजीने जे सांगितलं ते गाथेतच होतं, मी नीट वाचलं नव्हतं. 1630 च्या सुमारास दुष्काळ पडला. त्यात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको गेली, मुलगा गेला. 'बरें जालें' म्हणणाऱ्या याच तुकोबांनी दुसऱ्या अभंगात लिहून ठेवलं आहे, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. झाकलेलं नाही, गोड केलेलं नाही. बायको भूक भूक करत मेली आणि मला लाज वाटली, असं ते सांगतात. आणखी एका अभंगात तर 'माझे लेखीं देव मेला' इथपर्यंत जातात. म्हणजे त्यांचं 'बरें जालें' हे पहिल्या दिवसाचं बोलणं नव्हतं. ते रडून, भांडून, देवाशी अबोला धरून मग तिथे पोचले. आणि पोचले ते स्वतःच्या पायांनी, कुणी खांद्यावर बसवून नेलं नाही. आम्ही कीर्तनकार काय करतो, तर शेवटचा चरण उचलून पहिल्या दिवशीच दुःखी माणसाच्या हातावर ठेवतो.

तुकोबांच्या त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट परंपरेने जपली आहे. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. त्यांनी निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. लोकांना ही विरक्तीची कथा वाटते. मी कृतज्ञतेची म्हणून सांगतो. स्वतःचं दिवाळं निघालेला माणूस दुष्काळाने पिचलेल्या ऋणकोंची खतं बुडवतो. देवाचे आभार मानायचे ठरवलं तेव्हा त्यांचा हात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला गेला. हे ध्यानात ठेवा, तुमच्या पूजेच्या वेळी कामाला येईल.

कारण सांगण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर होते. ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे. हेतू किती चांगला! पण रवींद्रनाथ ठाकुरांनी लगेच हरकत घेतली. निसर्गातल्या घटनांना निसर्गातलीच कारणं असतात, असं त्यांचं म्हणणं. शिवाय, हीच युक्ती उद्या सनातनी लोक तुमच्यावर उलटवतील आणि म्हणतील, तुमच्याच चळवळीमुळे देव कोपला. गांधीजींनी ती हरकत आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापली, उत्तरही दिलं, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. मी गांधीजींना फार मानतो, तरी या बाबतीत मला रवींद्रनाथांचंच पटतं. अस्पृश्यता पाप आहेच, त्यासाठी भूकंपाची साक्ष कशाला काढायची? त्या भूकंपात अस्पृश्य मानलेली माणसंही गेलीच ना.

केदारनाथलाही तेच. 2013 च्या जूनमध्ये वरून पाण्याबरोबर एक प्रचंड शिळा वाहत आली, देवळाच्या मागे अडकली, लोंढा दुभंगला आणि देऊळ वाचलं. माणसं त्या शिळेला हात जोडतात. मी गेलो तर मीही जोडीन. पण आजूबाजूला हजारो यात्रेकरू त्याच देवाचं नाव घेत वाहून गेले, हे विसरून हात जोडायचे म्हटले तर मला जमणार नाही.

आता तुमच्या 'का नाही' कडे येतो. काकांना का नाही, या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. एक जमिनीवरचं, ते देता येतं. म्हशी दावणीला होत्या, पाणी वाढत होतं, जनावरं हलवायची सोय आधी झालेली नव्हती, आणि दुभत्या जनावरावर घर चालणारा माणूस त्यांना बांधलेलं सोडून बोटीत बसू शकत नाही. किल्लारीच्या मरणांचं उत्तरही असंच देता येतं: चिखलात रचलेले दगड आणि वर मातीचा भार. हे उत्तर कोरडं वाटेल, पण पुढची माणसं वाचतात ती या उत्तराने. दुसरं उत्तर म्हणजे देवाच्या मनात काय होतं. ते देणारा कीर्तनकार खोटं बोलतो. माझा देवावर विश्वास आहे, रोज पहाटे काकडा केल्याशिवाय मी चहा घेत नाही. पण माझा विश्वास देवाने कुणाला का उचललं याचा हिशेब लावून देत नाही. तो मला एवढंच देतो, की त्या पत्र्याच्या शेडमध्येही पांडुरंग होता, आजी मला गप्प करायला उठली तेव्हाही होता. बहुधा तिच्याच बाजूने होता.

आणि पांडुरंगावर भरवसा ठेवणं म्हणजे भोंगा वाजला तरी घरात बसणं, असं जे कुणी सांगत असेल त्याला तुम्ही तुमच्याच वाडीचं उदाहरण द्या. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढलं की ते नृसिंहवाडीच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, आणि लोक तिथे स्नानाला गर्दी करतात. दक्षिणद्वार सोहळा. तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल, मी एकदाच पाहिला. ओल्या सोवळ्याने उभी असलेली माणसं, दारातून उसळून येणारं गढूळ पाणी, आणि 'दिगंबरा दिगंबरा'चा घोष. ज्या पाण्याने थोड्याच दिवसांत कुरुंदवाड-शिरोळकडचा ऊस बुडणार, त्याच पाण्याला तिथे हात जोडले जात होते. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. मला त्यात दुसरंच दिसलं. पाणी आणखी चढायला लागलं की तिथले पुजारी काय करतात? 'देव बघून घेईल' म्हणून बसत नाहीत. उत्सवमूर्ती उचलतात आणि वर, नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. अहो, तिथे देवालासुद्धा वेळेत हलवतात! मग माणसांनी आणि म्हशींनी का थांबायचं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे आकडे तुमच्याकडे पोराटोरांना पाठ असतात. ते आकडेही मी भक्तीतच धरतो. घर बांधताना पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हे बघणं, तेही.

आमच्याकडे हे उशिरा कळलं. 1992 मध्ये किल्लारीत महिनोन्‌महिने हादरे बसत होते, ऑक्टोबरातला एक तर चांगलाच जोराचा होता. माणसं बाहेर झोपली, मग थंडी आली, मग सवय झाली, पुन्हा आत आली. भूकंपानंतर नवी घरं बांधताना दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवळ घालणारा काँक्रीटचा पट्टा घ्यायला इंजिनिअर सांगत, तेव्हा मी प्रत्येक कीर्तनात त्या पट्ट्याचं सांगायचो. एका सप्ताहात कुणीतरी म्हणालं, महाराज, हरिकथेत सिमेंट कुठून आलं? मी म्हटलं, ज्याची लेकरं त्या भिंतीखाली झोपणार आहेत त्याला विचारा.

आता पूजेचं. आईंना अडवू नका. त्यांच्या पोटातलं ते ऋण आहे आणि ते फिटल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही. जो माणूस गच्चीवर पोराबाळांना कवटाळून रात्रभर बसला आहे, त्याने सकाळी देवाचं नाव घेतलं तर त्यात पाप काय? पण तारीख बदला. तुमच्या घरी जो वाचल्याचा दिवस, तो काकूंच्या घरी वर्षश्राद्धाचा. त्याच सकाळी तुमच्या दारात केळीचे खांब आणि त्यांच्या दारात पिंडाचं पान, हे बरं दिसत नाही. श्रावणात दुसरा कुठलाही दिवस धरा. मांडव, स्पीकर, पत्रिका यातलं काही नको. आणि त्या मूळ दिवशी तुम्ही मायलेकींनी काकूंकडे जा, श्राद्धाच्या स्वयंपाकाला हात लावा. प्रसाद घेऊन जाऊ नका, पोळ्या लाटायला जा.

पूजेचं ठरण्याआधी आईंनी काकूंपाशी एकदा बसून बोलावं. परवानगी मागायची म्हणून नव्हे, त्यांना बाहेरून कळू नये म्हणून. त्या रडतील, चिडतील, कदाचित म्हणतील, 'तुमचा देव तुम्हाला लखलाभ.' त्याला उत्तर द्यायचं नाही. 'त्यांचं आयुष्यच तेवढं होतं', 'देवाला चांगली माणसं लवकर आवडतात', 'निदान तुमची पोरं तरी राहिली' ही तीन वाक्यं मी किल्लारीत शेकडो वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा मिटताना पाहिला. त्यापेक्षा काकांचं नाव घ्या. ते म्हशींना कोणत्या नावाने हाक मारायचे, ते विचारा. गेलेल्या माणसाचं नाव काढायला सगळे घाबरतात, आणि घरच्या माणसाला तेच तर ऐकायचं असतं.

मग आईंना एक विचारा: बोट कुणी आणली होती? त्या बोटीत दोर धरून पुढे बसलेल्या पोरांची नावं त्यांना माहीत आहेत का? सैन्यातले, आपत्ती दलाचे जवान असतील तर शोधणं अवघड, पण तुमच्याकडे त्या दिवसांत गावोगावच्या तरुणांनीही बोटी चालवल्या. त्यातलं कुणी पलीकडच्या गावचं असेल, तर पूजेच्या पंगतीत पहिलं पान त्याचं मांडा. देवाचे आभार मानताना ज्याच्या हाताला धरून आपण बोटीत उतरलो त्याला ओलांडून जाता येत नाही.

आणि गावजेवणाचा खर्च. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्हाला माहीत असणार. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली, आणि विठोबाने विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन ते पैसे भरले. कीर्तनात सगळे विठू महारापाशी येऊन डोळे पुसतात. मला नेहमी कोठाराच्या कुलपापाशी थांबावंसं वाटतं. देव बिदरला गेला तो नंतर. आधी एका माणसाने, मान जाणार हे माहीत असताना, किल्ली फिरवली. तुमच्या गावात ते कुलूप म्हणजे जनावरांची सोय. तुमचे काका म्हशींपायी गेले. पुढच्या वेळी दुसरं कुणी जाईल. त्यापेक्षा मांडवाच्या आणि जेवणाच्या पैशातून उंचावरच्या जागेत दावणीचे खुंट, वर पत्रा, पाण्याची टाकी आणि कडब्याची गंज एवढं होतं का बघा. एकट्याने नाही होणार, ग्रामपंचायतीकडे जा, डेअरीच्या माणसांना धरा. 39 फूट झाले की आधी जनावरं वर जातील, असं गावात ठरलं तर माणूस मागे जाणार नाही. यात काकूंना विचारून काकांचं नाव लावता आलं तर उत्तम. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच सोडा.

थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलं आहे, पावसाचा जोर वाढला की अजून रात्री उठून दारात जाऊन पाणी बघता, झोप लागत नाही. हे भूकंपवाल्या गावांत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मालवाहू ट्रक गेला आणि जमीन थरथरली की माणसं ताटावरून उठून बाहेर पळायची. त्याला नामस्मरणाचा आधार होतो, पण ते पुरतंच असं नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. श्रद्धा कमी पडली म्हणून झोप जात नाही. आणि आपण वाचलो याचा जो अपराध वाटतो ना, तो किल्लारीत मी उत्तम उत्तम माणसांमध्ये पाहिला. वाचणं हा काही गुन्हा नाही, ताई. तुमच्या बोटीतली जागा तुम्ही काकांकडून हिसकावून घेतली नव्हती.

राहिलं ते शेवटचं: वाचवलंच नसेल तर आभार कसले? त्या आजीचं पुढचं सांगतो.

बरोबर वर्षाने, 30 सप्टेंबर 1994 ला, मी त्या शेडकडे पुन्हा गेलो. कीर्तन नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. नवी घरं अजून व्हायची होती. पत्र्यावर पावसाची रिपरिप चालू होती. आजीने मला ओळखलं, बस म्हणाली. चुलीवरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटलीत वाढली, आणि समोर बसून सांगायला लागली, मी काही विचारलं नव्हतं तरी.

"त्या रातीला गणपती बुडवाया गेलो, तवा पोरगं माझ्या खांद्यावर बसलं हुतं. सा वर्साचं. म्हनलं, आज्जे, मला आरती येती समदी. आन् म्हनून दाखवली की हो. पार 'घालीन लोटांगण'पत्तुर. मधी एकदा चुकलं, फिरून पयल्यापासनं म्हनलं. त्येच्या आदी त्येला कवा पाठ यायची न्हाई." थोडा वेळ ती पावसाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती मी ऐकली, म्हाराज. तेवढं बरं झालं."

मी हातातला घास ताटलीत ठेवला. तिने भाकरीचा आणखी एक चतकोर माझ्या ताटलीत टाकला आणि म्हणाली, "जेवा."